ऑफरोडिंगवरून आल्यावर स्टीअरिंग वाकडं? लगेच अलाइनमेंटला पळू नका

गेल्या जूनमध्ये पहिला पाऊस पडल्या पडल्या आम्ही तीन गाड्या घेऊन मुरबाडच्या पुढे गेलो होतो. तिथे एक बैलगाडीचा रस्ता ओढ्यात उतरून पलीकडे चढतो, पाणी जेमतेम गुडघाभर पण गढूळ, आणि त्या गढूळ पाण्यात पुढच्या उजव्या चाकाला एक दगड असा लागला की माझे दातावर दात आपटले. गाडी निघाली, चढली, बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वडापाव खाल्ला. कल्याणपर्यंत काहीच जाणवलं नाही कारण त्या रस्त्यावर स्टीअरिंग सरळ राहायला वेळच मिळत नाही. ठाण्याला ईस्टर्न एक्सप्रेस हायवेला लागलो तेव्हा बघतो तर गाडी नाकासमोर चाललीये आणि स्टीअरिंगवरचा लोगो मात्र मान वाकडी करून बसलाय, उजवीकडे दहा-बारा अंश तरी.

पुढच्या दोन महिन्यांत मी तीन वेळा अलाइनमेंट, म्हणजे मशीनवर चाकांचे कोन जुळवणं, करून घेतली. तिन्ही वेळा रिपोर्टवर मी बघत होतो तो आकडा हिरवागार, तिन्ही वेळा आठवडाभरात स्टीअरिंग परत वाकडं, आणि तोवर पुढचा उजवा टायर आतल्या कडेने चकाचक गुळगुळीत. शेवटी भांडुपच्या एका मिस्त्रींनी पाच मिनिटं गाडीखाली बॅटरी मारली, बाहेर आले आणि हात पुसत म्हणाले, "साहेब, मशीन मोजतं. वाकलेलं सरळ नाही करत." चाक वळवणारा दांडा, म्हणजे टाय रॉड, वाकला होता आणि चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचा मागचा बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, फाटला होता. म्हणजे अलाइनमेंटवाला वाकड्या रॉडवर आकडे जुळवून देत होता आणि फाटका बुश प्रत्येक ब्रेकला ते आकडे मोडत होता.

तेव्हापासून मी एक क्रम ठरवलाय आणि ग्रुपमधल्या कुणाची गाडी वाकडी झाली की हाच क्रम सांगतो. अलाइनमेंट त्यात शेवटी येते.

आधी तक्रार नीट ओळखा

"गाडीचं अलाइनमेंट गेलंय" या एका वाक्यात लोक चार वेगवेगळे रोग सांगतात.

पहिला, गाडी सरळ जाते पण स्टीअरिंग तिरकं. दुसरा, स्टीअरिंग सैल सोडलं की गाडी एका बाजूला खेचते. तिसरा, ठराविक स्पीडला, बहुतेक वेळा ७० ते ९० च्या मध्ये, स्टीअरिंग हातात थरथरतं. चौथा, वळण संपल्यावर स्टीअरिंग आपोआप परत येत नाही, जड लागतं. यातला पहिला बहुतेक वेळा टाय रॉडचा किंवा मागच्या चाकांचा. दुसरा टायर, हवा, ब्रेक, कॅम्बर (चाकाचं वरचं टोक आत-बाहेर झुकणं), यातलं काहीही. तिसरा जवळजवळ नेहमी बॅलन्सिंगचा, रिम वाकल्याचा किंवा रिममध्ये अडकलेल्या चिखलाचा, त्याला अलाइनमेंटने काडीचा फरक पडत नाही. आणि चौथ्यात आधी फोर बाय फोरचा लिव्हर बघा. हसू नका, आमच्यातलाच एक जण फोर व्हील ड्राइव्ह फोर-एच मध्येच ठेवून कर्जतवरून पनवेलपर्यंत आला होता आणि स्टीअरिंग गेलं म्हणून घाबरला होता. पार्ट टाइम फोर बाय फोर गाड्यांना डांबरावर पुढची-मागची चाकं वेगवेगळी फिरू देणारा सेंटर डिफरन्शियल नसतो, सगळं पिळवटून बसतं, आणि वळताना गाडी अडखळते.

टेस्ट कुठे करायची हाच मुंबईत खरा प्रश्न. मी रविवारी सकाळी सहाच्या आत ईस्टर्न फ्रीवेवर जातो, नवी मुंबईवाल्यांना पामबीच रोड आहे. एक लक्षात ठेवा, आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात, साधारण २ ते अडीच टक्के, आणि आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे अगदी धडधाकट गाडीसुद्धा हळूहळू डावीकडे सरकतेच. तेवढ्यावरून रोग ठरवू नका. डावी लेन, उजवी लेन, मग शक्य असेल तर उलट दिशेने, असं तीनदा बघायचं, आणि हात पूर्ण सोडायचे नाहीत, बोटं फक्त सैल करायची. उजवीकडे खेचत असेल तर मात्र नक्की काहीतरी आहे, कारण ती उताराच्या विरुद्ध चाललीये. परतल्यावर स्टीअरिंगच्या वरच्या टोकाला पांढऱ्या टेपचा तुकडा चिकटवून सरळ जाताना ती किती सरकते त्याचा फोटो मित्राला काढायला सांगा. नंतर आकड्यात बोलायला सोपं जातं.

फुकटातले इलाज

पाइपने गाडी धुवा, पण बाहेरून नाही, खालून. वॉशिंग सेंटरला गेलात तर रॅम्पवर चढवून अंडरबॉडी करा म्हणून सांगा आणि समोर उभे राहा, नाहीतर पोरगा बोनेट चमकवून देतो. रिमच्या आतल्या बाजूला चिखलाची वडी बसते, वाळली की ती दगडासारखी होते. बॅलन्सिंगला वीस-तीस ग्रॅमची वजनं ठोकतात, इथे पाव किलो माती एका बाजूला लटकलेली असते, मग स्टीअरिंग नाचणार नाही तर काय. स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढा, अलॉयला ओरखडे नको असतील तर लाकडी चमचा घ्या.

मग हवा. वाळूत किंवा चिखलात शिरताना आपण १८-२० पीएसआयपर्यंत हवा काढतो, येताना टोलच्या आधी कुठल्यातरी पंपावर घाईत भरतो, आणि एका चाकात २६ तर दुसऱ्यात ३३ राहतं. कमी हवेच्या बाजूला गाडी खेचणारच. चारही चाकं थंड असताना स्वतःच्या गेजने मोजा, पंपावरच्या मशीनवर फार जीव टाकू नका. एखाद्या चाकात दोन दिवसांत परत हवा कमी झाली तर रिमची कड दगडाने वाकलेली असेल, तिथे बोट फिरवलं की खड्डा लागतो.

हवा सारखी असूनही खेचत असेल तर पुढची दोन चाकं डावी-उजवी अदलाबदल करून बघा, टायरवर एकाच दिशेचा बाण असेल तर तात्पुरतं उलटं चालेल, फक्त टेस्टपुरतं. खेचण्याची बाजू बदलली तर दोष टायरचा, आतले पट्टे सरकलेले असतात. बाजू तीच राहिली तर पुढे वाचा.

आणि दहा मिनिटं फारसा ब्रेक न मारता चालवून आल्यावर चारही रिमच्या मध्याजवळ हात न्या, चिकटवू नका. एक बाकीच्यांपेक्षा भट्टीसारखा गरम असेल तर कॅलिपरमध्ये चिखल जाऊन ब्रेक धरून बसलाय. डिस्क आणि मागच्या पत्र्याच्या मध्ये खडा अडकला तर तो किंचाळूनच सांगतो.

आता गाडीखाली

सोसायटीच्या पार्किंगमध्ये करणार असाल तर सपाट जागा बघा, मागच्या चाकांना विटा लावा, आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली घोडी (जॅक स्टँड) लावल्याशिवाय हातसुद्धा घालू नका. गाडीबरोबर जो जॅक येतो तो चाक बदलायला असतो, खाली झोपायला नाही.

पुढचं चाक हवेत आलं की घड्याळातल्या ९ आणि ३ वर हात ठेवून आत-बाहेर हलवा. टकटक लागली तर टाय रॉड एन्ड (चाकाकडचं टोक) किंवा रॅकच्या, म्हणजे स्टीअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकणाऱ्या आडव्या दांड्याच्या, टोकाचा आतला जोड. कुठला ते कळायला मित्राला चाक हलवायला सांगा आणि तुम्ही एका हाताने टाय रॉड एन्ड पकडा, दुसऱ्या हाताने रॅकचा रबरी बेलो दाबून आतला जोड चाचपा, प्ले, म्हणजे ढिलेपणा, बोटाला कळतो, डोळ्याला नाही. मग १२ आणि ६ वर हात. इथे प्ले असेल तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. कुणीतरी ब्रेक दाबून धरला आणि प्ले गेला तर बेअरिंग, तरीही राहिला तर बॉल जॉइंट.

बुश असा हातात येत नाही. त्याला टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, लागते. लोअर आर्म आणि तो ज्यावर बसतो त्या सबफ्रेमच्या मध्ये टॉमी घालून हळूच उचकटा, रबर थोडं हलतं ते चालतं, पण चीर उघडून मधली लोखंडी नळी दिसली किंवा आर्म सरकन पुढे-मागे गेला की बुश संपला. माझ्या गाडीत हेच होतं आणि वरून चिखलाचा थर असल्यामुळे तीन अलाइनमेंटवाल्यांपैकी एकालाही दिसलं नाही. खरं सांगायचं तर त्यांनी बघितलंच नाही, त्यांचा पाना डायरेक्ट टाय रॉडची लांबी पक्की धरणाऱ्या चेक नटला लागतो.

वाकलेलं लोखंड ओळखायची एक सवय लावून घ्या, डावं बघा मग उजवं बघा. एकटी बाजू बघून काही कळत नाही. लोअर आर्म, टाय रॉड, लिंक रॉड, शॉकपची नळी, सगळं जोडीने बघायचं. जिथे लोखंड वाकतं तिथला पेंट बारीक तडकतो आणि पावसाळ्यात दोन दिवसांत त्या तडीत नारिंगी गंज दिसायला लागतो. सबफ्रेमचे बोल्ट जिथे बसतात तिथे वॉशरच्या भोवती चकचकीत ताजी खूण दिसली तर सबफ्रेम सरकलीये. ते जागेवर आणल्याशिवाय बाकी सगळं वाया. टायर आणि आतल्या प्लॅस्टिक लायनरमधली फट दोन्ही बाजूंना बोटं घालून मोजा. एका बाजूला तीन बोटं आणि दुसऱ्या बाजूला दीड असेल तर चाक मागे ढकललं गेलंय, म्हणजे लोअर आर्म किंवा त्याच्याही मागचं काहीतरी.

ओट्यावर लाटलेला टाय रॉड

मिस्त्रींनी माझा टाय रॉड काढून हातात दिला तेव्हा मला तो सरळच वाटला. मी म्हटलं, "काका, हा तर ठीक दिसतोय." ते म्हणाले, "घरी न्या आणि लाटून बघा." मला वाटलं चेष्टा करतायत. घरी किचनच्या कडप्प्यावर वर्तमानपत्र टाकलं, बॉलचं टोक ओट्याच्या कडेबाहेर लटकत ठेवलं, आणि रॉडचा मधला दांडा लाटण्यासारखा तळव्याखाली पुढे-मागे फिरवला. नवा रॉड शांत फिरतो. हा मध्ये उचलायचा, खाली बसायचा, उचलायचा, खाली बसायचा, आणि कडप्पा आणि दांडा यांच्यामधून उजेडाची बारीक फट उघडझाप करत होती. दीड-दोन मिलिमीटर असेल. बायको मागून म्हणाली, पोळपाट पण देऊ का. पण त्या दीड मिलिमीटरनेच माझे दोन महिने खाल्ले होते.

वाकलेला टाय रॉड गॅसवर तापवून, हातोडीने ठोकून सरळ करून देणारे लोक आहेत. करू नका. तापवल्याने लोखंडाची ताकद जाते आणि हा तुकडा तुटला तर स्टीअरिंग तुमच्या हातात असतं पण चाक नसतं. नवा घ्या, गाडी जुनी असेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर फिरून या, पण स्टीअरिंगचा आणि ब्रेकचा भाग जुना वापरलेला कधीच घेऊ नका, बंपर नि आरसे तिथून खुशाल घ्या.

जुना काढण्याआधी बाहेर दिसणारे आटे मोजा आणि चेक नटवर पांढरा मार्क करा. माझ्याकडे डावीकडे अकरा आटे दिसत होते, उजवीकडे सहा. दोन्ही बाजूंचे रॉड सारखे असलेल्या गाडीत दोन-तीन आट्यांपेक्षा जास्त फरक म्हणजे कुणीतरी एकाच बाजूने फिरवून आकडे जुळवलेत किंवा काहीतरी वाकलंय, माझ्याकडे दोन्ही होतं.

बुश बदलताना एक गोष्ट गॅरेजवाल्याच्या मानगुटीवर बसून करून घ्या. आर्मचे बोल्ट गाडी हवेत लटकत असताना फायनल टाइट करायचे नाहीत. आधी सैल लावायचे, गाडी चारही चाकांवर खाली उतरवायची, दोनदा दाबून हलवायची आणि मग टाइट करायचे. हवेत टाइट केले की गाडी खाली येताना रबर पिळलेलंच राहतं आणि काही महिन्यांत परत फाटतं.

मागची चाकं कुणी बघत नाही

स्टीअरिंग वाकडं झालं की सगळे पुढे बघतात. पण मागची दोन चाकं थोडीशी डावीकडे तोंड करून बसली तर गाडीचं बूड सतत डावीकडे ढकललं जातं आणि सरळ जायला तुम्हाला पुढची चाकं पण तेवढीच डावीकडे वळवून धरावी लागतात, गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. पुढे कितीही टो (चाकांची नाकं किती आत-बाहेर ते) फिरवा, मूळ मागेच राहतं. मित्राला दुसऱ्या गाडीतून मागे यायला सांगा, त्याला बरोबर दिसतं. किंवा पावसात पार्किंगच्या कोरड्या सिमेंटवर ओल्या चाकांनी सरळ आत या आणि ठसे बघा, मागचे ठसे दोन्हीकडे पुढच्यांशी सारखे जुळतायत का की एका बाजूला सरकलेत.

टेपने डाव्या बाजूच्या पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत मोजा, मग उजवीकडे तसंच. पाच मिलिमीटरच्या वर फरक असेल तर अलाइनमेंटचे पैसे द्यायच्या आधी कारण शोधा. पाटे असलेल्या गाड्यांमध्ये पाट्याचा सेंटर बोल्ट तुटून अॅक्सल एका बाजूने मागे सरकतो, हे जुन्या जीप आणि जिप्सीवाल्यांना सांगायला नको.

घरी सुतळीने मोजणं

हे करायला एक निवांत रविवार लागतो आणि शेजारी येऊन विचारतात काय चाललंय. गवंड्याची दोरी घ्या, चार घोडी किंवा प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि स्टीलची पट्टी. गाडी दोन-तीन मीटर पुढे ढकलून थांबवा, जॅक लावून उतरवलेली गाडी तशीच मोजलीत तर आकडे खोटे येतात कारण चाकं अजून बसलेली नसतात. स्टीअरिंग मध्यात करून सीट आणि स्टीअरिंगच्या मध्ये काठी अडकवून बांधा. दोन्ही बाजूंना हबच्या उंचीवर दोरी ताणा. डाव्या पुढच्या हबपासून दोरी जेवढी लांब तेवढीच उजव्या पुढच्या हबपासून, मागे पण डावं-उजवं सारखं, आणि दोन्ही दोऱ्यांमधलं अंतर गाडीच्या पुढे आणि मागे एकच. पुढच्या दोन चाकांमधलं आणि मागच्या दोन चाकांमधलं अंतर वेगळं असतं म्हणून पुढचा आकडा मागच्याशी जुळवायचा नाही, इथेच बहुतेक जण चुकतात.

आता प्रत्येक चाकाच्या रिमच्या पुढच्या कडेपासून दोरी आणि मागच्या कडेपासून दोरी मोजा. पुढचा आकडा मोठा असेल तर चाकाचं नाक आत, म्हणजे टो-इन. मागचा मोठा तर टो-आउट. बऱ्याच गाड्यांना पुढे दोन्ही मिळून शून्य ते दोनेक मिलिमीटरच्या आसपास टो लागतो, नक्की आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचाच धरा. अर्धा-एक मिलिमीटर चुकेल दोरीने, पण कुठलं चाक गुन्हेगार आहे ते कळतं. आणि एका चाकाचा टो ३ मिलिमीटरने चुकला तर १६ इंची रिमवर तो टायर दर किलोमीटरला साधारण ७ मीटर आडवा घासत जातो. टायर आतून का खाल्ला गेला ते यावरून समजा.

स्टीअरिंग मध्यात आणणं

काही वाकलेलं नाही, किंवा बदलून झालंय, टो बरोबर आहे आणि फक्त स्टीअरिंग तिरकं उरलंय, तर हे रॅकवाल्या गाडीत घरी करता येतं. नियम एकच, एका बाजूचा रॉड जेवढा लांब कराल तेवढाच दुसऱ्या बाजूचा आखूड करायचा, म्हणजे टो तसाच राहतो आणि फक्त स्टीअरिंग फिरतं.

किती फिरवायचं त्याचं गणित सोपं आहे. बऱ्याच गाड्यांमध्ये स्टीअरिंगच्या एका पूर्ण फेऱ्यात रॅक ४० ते ५० मिलिमीटर सरकतो, म्हणजे १० अंशाला साधारण सव्वा मिलिमीटर. टाय रॉडचा आटा बहुतेक ठिकाणी दीड मिलिमीटरचा असतो. तेव्हा रॉडचा एक पूर्ण फेरा म्हणजे स्टीअरिंगवर दहा-बारा अंश, पाव फेरा म्हणजे तीनेक अंश. पांढऱ्या टेपचा तो फोटो आठवा, तो इथे कामाला येतो.

दिशा कुठली? सरळ जाताना स्टीअरिंग उजवीकडे कललेलं असेल आणि रॅक पुढच्या चाकांच्या मध्याच्या मागे असेल तर डावा रॉड लांब, उजवा आखूड. रॅक चाकांच्या पुढे असेल तर नेमकं उलट. डावीकडे कललेलं असेल तर सगळं परत उलटं. गोंधळ झाला तर पाव-पाव फेरा करून चक्कर मारून या, वाढलं तर चुकलात.

चेक नट सैल करण्याआधी आट्यांवर वायरब्रश आणि गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवा. बेलोची क्लिप सैल करा नाहीतर रॉड फिरताना रबर पिळून फाटतं आणि रॅकमध्ये पाणी जातं, मग खर्च कुठल्या कुठे. शेवटी चेक नट आवळताना टाय रॉड एन्डला दुसरा पाना लावून धरा.

आणि काहीही झालं तरी स्टीअरिंग काढून एक दाता सरकवून सरळ बसवू नका, कितीही जणांनी सांगितलं तरी. रॅकचा स्वतःचा मध्य तसाच सरकलेला राहतो, एका बाजूला गाडी जास्त वळते आणि दुसरीकडे कमी, इंडिकेटर चुकीच्या वेळी बंद होतो, आणि एअरबॅगची वायर गुंडाळलेली कॉइल उपटली गेली तर ती दुरुस्ती वेगळी. लॉक टू लॉक, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, फेरे मोजा, मध्यापासून डावीकडे आणि उजवीकडे सारखे यायला हवेत. माझ्या आधीच्या गाडीत कुणीतरी हेच केलेलं होतं, डावीकडे दीड फेरा आणि उजवीकडे सव्वा.

जिम्नी, जिप्सी, थार

वरचं सगळं रॅकवाल्या गाड्यांचं. जिप्सी आणि जिम्नीला पुढे एकसंध अॅक्सल आहे, जिप्सीला पाट्यांवर आणि जिम्नीला कॉइल स्प्रिंगवर. तिथे टो दोन्ही चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडने आणि स्टीअरिंगचा मध्य स्टीअरिंगकडून चाकाकडे येणाऱ्या दांड्याने, म्हणजे ड्रॅग लिंकने होतो, दोन्ही वेगळे. म्हणजे फक्त स्टीअरिंग तिरकं असेल तर ड्रॅग लिंकलाच हात लावायचा, टो ला नाही. २०२० च्या नव्या थारला पुढे प्रत्येक चाक सुटं आहे, तिचं गणित रॅकवाल्यांसारखंच. जिम्नीत जोरात थरथर सुरू झाली की अलाइनमेंटच्या आधी पॅनहार्ड रॉडचे (पुढच्या जोडीला आडवं सरकू न देणाऱ्या दांड्याचे) बुश, चाक ज्यावर वळतं ते किंगपिन बेअरिंग आणि टायरचं बॅलन्स बघा, आणि स्टीअरिंग डॅम्पर (स्टीअरिंगचा शॉकप) बदलून मोकळे होऊ नका, तो आजार झाकतो. गाडी उंच करणारं लिफ्ट किट टाकलेल्यांनी कॅस्टर (चाक ज्या रेषेवर वळतं तिचा मागे कल) मोजून घ्या, एकसंध अॅक्सलची गाडी वर उचलली की कॅस्टर कमी होतो आणि हायवेला स्टीअरिंग भटकायला लागतं.

अलाइनमेंटवाल्याकडे गेल्यावर

टाकी साधारण भरलेली, डिकी रिकामी, हवा सारखी. तिथे तीन गोष्टी डोळ्यासमोर करून घ्यायच्या. रिमला क्लॅम्प लावल्यावर चाक फिरवून रिमचा डोल मोजला का, कारण ऑफरोडिंगवाल्या रिम क्वचितच शंभर टक्के सरळ असतात. टाय रॉडला हात लावायच्या आधी स्टीअरिंग मध्यात करून लॉक केलं का. आणि मागच्या चाकांचे आकडे दाखवले का, नुसतं पुढचं करून "झालं साहेब" नको.

'आधी' आणि 'नंतर' दोन्हीचा प्रिंट मागा. टो अंश आणि मिनिटांत असतो, ६० मिनिटांचा एक अंश. टो हिरवा झाला म्हणून खुश होऊ नका, टो नटाने हिरवा करता येतोच. कॅम्बर आणि कॅस्टर बघा. डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशाच्या वर फरक असेल आणि तुमच्या गाडीला तो अॅडजस्टच होत नसेल, तर काहीतरी वाकलंय. गाडी ज्या बाजूचा कॅम्बर जास्त पॉझिटिव्ह किंवा कॅस्टर कमी त्या बाजूला खेचते. रिपोर्टवर इन्क्लूडेड अँगल (कॅम्बर आणि वळण्याच्या रेषेचा आतला कल यांची बेरीज) असेल तर फार कामाचा आहे, तोच एका बाजूला बिघडला असेल तर शॉकपची नळी किंवा नकल वाकलंय. तो ठीक आहे आणि कॅम्बर बिघडलाय तर लोअर आर्म वाकलाय, नाहीतर सबफ्रेम किंवा वरचा माउंट सरकलाय. माझ्या तिन्ही जुन्या प्रिंटवर उजवा कॅस्टर लाल होता, मी फक्त टो बघत होतो.

ईएसपी (गाडी घसरली की स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत शेवटी स्कॅनर लावून स्टीअरिंग अँगल सेन्सरचा शून्य सेट करायला सांगा. काही गाड्या सरळ चालवल्यावर स्वतः शिकतात, बऱ्याच शिकत नाहीत. सेन्सरला वाटतं तुम्ही वळताय, गाडीला वाटतं घसरतेय, आणि भलत्या वेळी ब्रेक धरते.

कधी चालवूच नका

स्टीअरिंग तीस अंशाच्या वर कललंय, टायर लायनरला घासतोय, वळताना खणखण आवाज येतोय किंवा एक चाक उभ्या गाडीत डोळ्यालाच तिरकं दिसतंय, यातलं एकही असेल तर माळशेजवरून असो की पवनेवरून, फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा ट्रक, बोलवा. दोन तास चिडचिड होईल, घाटात चाक सुटण्यापेक्षा बरी.

मी नवा टाय रॉड, दोन्ही लोअर आर्मचे बुश आणि एक टायर टाकला, मग चौथी अलाइनमेंट केली. पाचशे किलोमीटरवर चेक नटवरचा पांढरा मार्क हलला नाही ना ते बघितलं, टायरवर तळवा आडवा फिरवला. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं असतं तर टो अजून चुकलेला असता. दोन्हीकडून सारखंच लागलं. पांढरी टेप अजून स्टीअरिंगवर आहे, जुलैत परत मुरबाडला जायचंय.